पगाराच्या चिठ्ठीवर पिक आणि मीटर लिहा

जानेवारी आला की इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या मजुरीवाढीची चर्चा सुरू होते. पैशांतली वाढ, तीही 52 पिकाच्या कापडावर मीटरला. वाढ मिळाली पाहिजेच, पण आमचा पगार आठवड्याला होतो आणि गळती तिथेच आहे.

पिक म्हणजे एका इंचात बसणारे आडवे धागे. पिक वाढले की माग तेवढाच वेळ चालूनही कापड कमी निघते, म्हणून मजुरी पिकावर. मी चालवतो त्या मागांवर मध्यंतरी 56 पिकाचा माल होता. भिंग लावून स्वतः मोजला. दिवाणजींनी हिशेब 52 नेच धरला. म्हणजे शंभर रुपयांमागे सात रुपये गेले! विचारले तर, ‘पुढच्या आठवड्यात बघू.’ चिठ्ठीवर फक्त एकूण रक्कम आणि त्यातून वजा केलेली उचल. भांडायचे कशाच्या जोरावर?

शिवाय बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) संपला की वहिफणी, म्हणजे नव्या बीमचे धागे मागात ओवणे, होईपर्यंत माग बंद, लाईट गेली तरी बंद. त्या वेळेचे काहीच मिळत नाही.

खर्चीवाल्या, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणाऱ्या मालकांनाही मंदीची झळ बसते, हे मान्य. पण चिठ्ठीवर पिक, मीटर आणि दर लिहायला कसला खर्च? वेतन संहितेत पगाराची चिठ्ठी देणे बंधनकारक आहे आणि आठवड्याचा पगार सुट्टीआधी द्यायचा आहे. कामगार आयुक्त कार्यालयाने दर जाहीर करतानाच चिठ्ठीचा नमुनाही ठरवून द्यावा.

– एक यंत्रमाग कामगार, इचलकरंजी