रात्रपाळीच्या सिस्टर, हे तुमच्यासाठी

सिस्टर, नमस्कार.

तुमचं पूर्ण नाव मला माहीत नाही, वॉर्डात सगळ्या बाया तुम्हाला मोठ्या सिस्टर म्हणायच्या म्हणून मी पण तेच म्हणायची. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसवतात त्या आठवड्यात मी पोरीला काखेत घेऊन आणि पेढ्यांचा पुडा घेऊन वॉर्डात आले होते, तर तिथल्या नवीन सिस्टर म्हणाल्या तुमची बदली झाली. कुठे झाली ते त्यांनाही धड सांगता येईना. पेढे मी बायांना वाटले आणि परत येताना एसटीत सगळा रस्ता डोळ्यातून पाणी, कारण जे सांगायला आले होते ते राहूनच गेलं. म्हणून इथे लिहितेय, तुमच्या ओळखीचं कोणीतरी वाचेल आणि तुम्हाला दाखवेल.

मी आठवेन का तुम्हाला? मे महिन्यातली रात्र, अकरा वाजून गेलेले, चोपड्याकडून १०८ मधून आलेली साडेसात महिन्यांची बाई, वार म्हणजे प्लासेंटा खाली असलेली, परकर पूर्ण लाल. लाइट गेली होती आणि नुकतीच आली होती, पंखा हळूहळू फिरायला लागला होता एवढं मला लक्षात आहे.

त्याच्या आधीचं सांगते म्हणजे तुमचं मोल किती ते कळेल.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफी केली होती खाजगीत. रिपोर्ट इंग्रजीत. डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितला आणि म्हणाले प्लासेंटा खाली आहे, बेडरेस्ट घ्या, सिझरची तयारी ठेवा, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी विचारलं, डॉक्टर प्लासेंटा म्हणजे काय हो? तर म्हणे ते तुम्हाला नाही समजणार, मिस्टरांना पाठवा. अहो पोट माझं, बाळ माझ्या पोटात, आणि मला नाही समजणार? मी बारावी शिकलेली आहे, आणि नसते शिकले तरी काय झालं असतं? ते एक वाक्य मी तीन महिने डोक्यात घेऊन फिरले.

घरी आल्यावर सगळ्यांनी कारणं शोधायला सुरुवात केली. कोणी म्हणे हिने पपई खाल्ली असेल, कोणी म्हणे संक्रांतीला एसटीने माहेरी गेली त्या धक्क्यांनी वार खाली आली, कोणी म्हणे पाण्याचे हंडे उचलले. पलंगाच्या पायाशी विटा लावल्या, मला नुसतं झोपवून ठेवलं, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी पण जाऊ दिलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा अखाजी सासरी गेली. रात्री मोबाईलवर वाचायची तर अजून घाबरायची, उजेड दिसू नये म्हणून गोधडीत तोंड घालून वाचायची. आणि मनात एकच, माझ्याकडून काहीतरी चुकलं.

त्या रात्री अंगावरून जायला लागलं तेव्हा पोटात जरासुद्धा दुखत नव्हतं. दुखत नाही ना, मग सकाळी बघू, असं घरातली मोठी माणसं म्हणाली. नवऱ्याने ऐकलं नाही, गाडी काढली. तालुक्याच्या गावी एका दवाखान्याच्या गेटवर आम्ही उभे राहिलो तर आधी डिपॉझिटचं विचारलं, मग आतून निरोप आला की आमच्याकडे रक्ताची सोय नाही, पुढे न्या. रक्ताची सोय नसेल हे मला मान्य आहे हो, खरंच नसेल. पण गाडीपर्यंत येऊन एकाने बघितलं नाही. बीपी नाही, नाडी नाही, बाई शुद्धीवर आहे का एवढं सुद्धा नाही. त्या गेटवरूनच नवऱ्याने १०८ ला फोन लावला. त्या ड्रायव्हर दादांचे पण आभार, तापीच्या पुलाच्या अलीकडे रस्ता खराब होता तिथे त्यांनी गाडी इतकी जपून काढली की जसं काही मागे त्यांची बहीण झोपलीय.

आणि मग तुम्ही.

स्ट्रेचर आत आल्याआल्या तुम्ही पहिलं काय म्हणालात ते मला शब्दाला शब्द आठवतं. "आधी सोनोग्राफीचा कागद द्या. तोवर आतून तपासायचं नाही कोणी." हातमोजे घालून कोणीतरी तयार उभं होतं, ते थांबलं. त्याचा अर्थ मला नंतर कळला, वार गर्भाशयाच्या तोंडावर असताना आत बोट घातलं तर रक्ताचा लोट सुटू शकतो, आणि भरत आलेल्या दिवसांत गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त येत असतं म्हणजे मिनिटांचा खेळ. सलाईन, रक्ताचे नमुने, बाळाच्या फुफ्फुसासाठी इंजेक्शन, डॉक्टर मॅडम आल्या, ते सगळं झालं आणि त्याबद्दल मॅडमचे उपकार आहेतच. पण मी जे लिहायला बसलेय ते वेगळं आहे.

तुम्ही पॅड बदलत होतात. मी तोंड भिंतीकडे करून डोळे गच्च मिटले होते, मला बघायचंच नव्हतं. तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड तुमच्याकडे वळवलं आणि म्हणालात, "रडू नको वं माय, मी आठेच शे. डोया उघाड." म्हणजे मी इथेच आहे, डोळे उघड. माझं माहेर अमळनेरकडचं. त्या दवाखान्यात, त्या वेळेला, अहिराणी कानावर पडली आणि मला वाटलं माझी मायच आली. मग तुम्ही हातमोज्यांच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, खिशातला पेन काढला आणि त्यावर वेळ लिहिली, ११.२०. समोर लिहिलं, पूर्ण भिजलेलं. मराठीत लिहिलं. आणि तो पुठ्ठा माझ्या हातात दिला.

म्हणालात, आता दरवेळी पॅड काढलं की मी तुला दाखवणार आणि तू मला सांगायचं मागच्यापेक्षा जास्त की कमी. लपवणार नाही तुझ्यापासून. वाढलं तर लगेच आत घेऊ, थिएटरला सांगून ठेवलंय. कमी झालं तर बाळाला पोटात अजून दिवस मिळतील.

१२.०५, पूर्ण. तेव्हा माझा धीर सुटला होता. तुम्ही काही गोड बोलला नाहीत, अजून थांबलेलं नाही, बघू, एवढंच. १ वाजता अर्ध्याच्या वर. २.१० ला तुम्ही टॉर्च मारला कारण लाइट परत गेली होती, आणि पॅड माझ्यासमोर धरून म्हणालात, "हाई देख, कमी व्हयनं." मी बघितलं. खरंच अर्धंच भिजलेलं होतं. सिस्टर, तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या शरीरात काय चाललंय ते मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं. कोणी मला सांगत नव्हतं की तुला नाही समजणार. भीती गेली असं नाही म्हणणार, पण ती भीती आता मापात आली, तिला वेळ होती, तिला अर्धं पाव होतं. हे तुम्हाला कोणी शिकवलं माहीत नाही. रक्त किती जातंय ते मोजणं तुमचं काम असेल, पण ते मला दाखवणं हे काही कामात येत नाही ना, ते तुमच्या आत होतं.

शेजारच्या खाटेवर सातपुड्याकडच्या एक पावरा आदिवासी आजी होत्या, सुनेसोबत आलेल्या. पंखा बंद झाला की त्या उठायच्या आणि पुठ्ठ्याने मला वारा घालायच्या, ओळख ना पाळख, भाषा पण नीट कळत नव्हती एकमेकींची. गावातून नवऱ्याचे चार मित्र पहाटे मोटारसायकलवर रक्त द्यायला आले, त्यातला एक रात्रभर केळीला पाणी देऊन तसाच आलेला. माणसं चांगली असतात हो. वाईट अनुभव आला की आपण सगळ्या जगालाच नाव ठेवतो, मी पण ठेवलं त्या गेटवर, आणि त्याच एका रात्रीत इतकी माणसं भेटली.

नंतरचे पाच आठवडे मी तिथेच होते, आणि तुमची रात्रपाळी असली की आम्ही सगळ्या जाग्या राहायचो तुमचं ऐकायला. वार म्हणजे काय ते मला तुम्ही सांगितलंत, चार महिने उशिरा का होईना. की बाळाचं फुफ्फुस तीच, जेवण तीच, घाण बाहेर काढणारी किडनी पण तीच, गर्भ टिकवायचे हार्मोन्स पण तीच बनवते. की माझं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकात मिसळतच नाही, मधे पातळ पडदा असतो आणि त्यातून देणंघेणं चालतं. मी म्हटलं केळीच्या बुंध्याला ठिबकची नळी असते तसं का? तुम्ही हसलात, म्हणालात तसंच, फक्त हिच्यात परतीची पण सोय असते, नाळेत एक रक्तवाहिनी आणणारी आणि दोन नेणाऱ्या.

आणि वार खाली का आली? तुम्ही म्हणालात ती खाली येतच नसते बेटा, गर्भ जिथे रुजतो तिथेच ती तयार होते, पपईने नाही, हंड्याने नाही, एसटीने नाही. पाचव्या महिन्यात पुष्कळ जणींची खाली दिसते आणि बहुतेकींची पुढे आपोआप वर जाते. फुग्याच्या तोंडाजवळ टिकली चिकटव आणि फुगव, टिकली जागची हलत नाही पण तोंडापासून लांब जाते, तसं गर्भाशय वाढतं. तुझी होती अगदी तोंडावरच, म्हणून राहिली. तुझं काही चुकलं नाही. हे तुम्ही माझ्या सासूबाईंना पण समोर बसवून सांगितलंत. त्या दिवसानंतर घरात पपईचं नाव निघालं नाही, आणि सासूबाईंनी घरी जाऊन पलंगाखालच्या विटा स्वतः काढल्या.

बाकीच्या बायांचं पण तुम्ही तसंच ऐकून घ्यायच्या. एकीची वार पुढच्या बाजूला होती, तिला बाळाच्या लाथा कळत नव्हत्या म्हणून ती रडून अर्धी झाली होती, तिला सांगितलं मधे गादी आहे ना, उशिरा कळतील, पण एकदा कळायला लागल्या आणि मग कमी झाल्या तर घरी बसायचं नाही, लगेच यायचं. एकीला दिवस भरले होते आणि रिपोर्टमधे वार ग्रेड तीन लिहिलेलं, तिला वाटलं वार सडली. दिवस भरल्यावर असं होतंच म्हणून तिला शांत केलं. पण जी मिसरी लावायची तिला मात्र तुम्ही सोडलं नाही, वार काही गाळणी नाही बाई, तंबाखू, दारू सरळ लेकराकडे जाते. आणि ती बीपी वाढलेली, पोट दगडासारखं कडक आणि कळा थांबत नाहीत अशी आली होती, तिला बघताच तुम्ही ज्या वेगाने पळालात तो मी विसरणार नाही. तिची वार जागेवरून सुटत होती. दुखणारं असो की न दुखणारं, गरोदर बाईच्या अंगावरून गेलं की सकाळची वाट बघायची नाही, हे मी आता गावात दिसेल त्या बाईला सांगते.

छत्तीस आठवडे पूर्ण झाले आणि सिझर झालं. मॅडमनी आधीच विचारलं होतं याआधी सिझर झालंय का, कारण जुन्या टाक्यांवर वार रुतून बसू शकते. माझं पहिलं बाळंतपण नॉर्मल, त्यामुळे तो धोका कमी होता. दोन बाटल्या रक्त लागलं. एक रुपया लागला नाही, सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, रक्त, औषधं मोफत आहेत २०११ पासून, हे सुद्धा मला तिथेच कळलं. पोरगी २ किलो ४०० ग्रॅम. रडली तेव्हा मी पण रडले.

तेव्हा तुमची ड्युटी नव्हती. पण तुमच्यामुळेच मी मॅडमना म्हटलं, मला वार बघायची. त्यांनी ट्रे जवळ आणला. अर्धा किलोची असेल, ताटलीएवढी, एका बाजूला कच्च्या मांसासारखी खडबडीत, दुसऱ्या बाजूला चकचकीत आणि त्यावर नाळेपासून सगळीकडे फांद्या पसरलेल्या शिरा, पानं गळालेल्या निंबाच्या झाडासारख्या. जिच्यावर मी तीन महिने राग धरला होता तीच ही. माझ्या आजीच्या काळी घराच्या मागे खड्डा करून, पुरून वर दगड ठेवायचे, हळदकुंकू वाहायचे. मी मनातल्या मनात हात जोडले.

त्या डॉक्टरांना, ज्यांना वाटलं मला समजणार नाही, मला फक्त एवढंच सांगायचंय, पाच मिनिटं द्या. एखादी बाई विचारते ना तेव्हा ती धीर गोळा करून विचारत असते.

पोरगी आता अडीच महिन्यांची झाली, हसते, मूठ तोंडात घालते. तिच्या लसीच्या कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत मी तुमचा पुठ्ठा ठेवलाय. हातमोज्यांच्या खोक्याचा, एका कोपऱ्याला रक्ताचा डाग सुकून तपकिरी झालाय. सात ओळी आहेत. सहावी ओळ ५.००, फक्त डाग. सातवी तुम्ही ड्युटी संपताना लिहिलीत, पेन संपत आला होता म्हणून दोनदा गिरवलीत. ६.४५, कोरडं.