दिवाळीपुरता आलेला पोऱ्या

पुणे, ४ ऑक्टोबर २०२६

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागला होतास. नाशिकच्या पार्सल हबवाल्यांनी दिवाळीच्या सीझनसाठी डिलिव्हरीच्या गाडीवर हेल्पर गळ्यात मारला, त्याला पत्ता समजावेपर्यंत मी दोन पार्सलं टाकून येतो, असं म्हणालास. मी नुसतं हो हो केलं. तू स्टेअरिंगवर होतास, आणि चालत्या गाडीत बापाचं ऐकत बसलेला पोरगा मला नको होता. आज माझी सुट्टी आहे, आई भिशीला गेली आहे, म्हणून सावकाश लिहितो.

तुझी तक्रार खोटी नाही. पहिले दोन-तीन दिवस हेल्पर म्हणजे वाढीव कामच. त्यानंतरही तो वाढीव कामच राहिला तर मात्र दोष त्याचा नसतो. मीही इथे पुण्यात हीच गाडी चालवतो, आमच्या हबला दरवर्षी बघतो ना. गाडी थांबते, दोन्हीकडची दारं उघडतात, ड्रायव्हर मागे जाऊन पार्सल शोधतो, हेल्पर त्याच्या खांद्यावरून वाकून बघतो, आणि मग दोघं मिळून एक चपलांचा खोका घेऊन तिसऱ्या मजल्यावर जातात. खाली गाडी उघडी! संध्याकाळी हाच ड्रायव्हर चहाच्या टपरीवर सांगतो, हेल्पर असून नसून सारखाच. अरे, तू त्याला कामच दिलं नाहीस, सोबतीला फिरवलंस.

हेल्पर आला की तुझं पळायचं काम कमी होतं आणि मांडायचं वाढतं. ज्याला पळायची सवय लागली आहे त्याला हे जड जातं. तुला जास्तच जाईल, कारण तू लहानपणापासून एका जागी बसत नाहीस.

मांडणी सकाळी हबमध्येच सुरू होते. रनशीट, म्हणजे त्या दिवशीच्या पार्सलांची यादी, हातात आली की तू जाण्याचा क्रम ठरवतोस, तो तुझ्या डोक्यात असतो. हेल्परच्या डोक्यात तो नाही आणि दिवाळीपर्यंत येणारही नाही. म्हणून जाड मार्करने प्रत्येक खोक्यावर क्रमांक घाल, १ पासून शेवटपर्यंत. वर एकदा आणि दोन बाजूंना एकेकदा, म्हणजे खोका कसाही रचला तरी आकडा दिसतो. लेबलावर लिहू नकोस, बारकोड खराब झाला की स्कॅन होत नाही. शेवटचे क्रमांक आधी भरायचे, पहिले दाराशी. टीव्ही नेहमी उभा, आडवा कधीच नाही, आणि त्याला टेकून मिक्सर ठेवायचा नाही. पाकिटं आणि कपड्यांच्या पिशव्या वेगळ्या गोणीत, त्यांनाही तेच क्रमांक. हे भरताना हेल्परला बाजूला उभं करू नकोस, त्याच्याच हातून भरून घे. कुठलं खोकं कुठे गेलं हे हाताला आठवतं. मग रस्त्यावर तू नुसतं "बेचाळीस" म्हटलंस की तो बेचाळीस काढतो. पत्ता वाचायची, आडनाव लावायची भानगड नाही. आमच्याकडे एकजण सुरुवातीला "ते निळ्या टेपचं द्या" असं करायचा, आणि दिवाळीत सगळ्याच खोक्यांना निळी टेप असते.

आता वाटणी. जे तुझ्या नावावर आहे ते तुझ्याच हातात राहू दे. ओटीपी, सीओडीची म्हणजे माल देताना घ्यायची रोकड, ओपन बॉक्स डिलिव्हरी म्हणजे गिऱ्हाइकासमोर खोका उघडून देणं, मोबाइल परत घ्यायचा असेल तर त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा नंबर, तपासणं. हे हेल्परला करू देऊ नकोस. तुझा फोन आणि लॉगिन तर मुळीच नाही. पोरगा प्रामाणिक असला तरी नाही. त्याच्याकडून पाचशे रुपये कमी आले तर ते तू भरशील, आणि त्याच्यावर संशय घेत पुढचे दिवस एकाच केबिनमध्ये बसशील. त्यापेक्षा त्याला प्रीपेड आणि बिनओटीपीचा माल दे, आणि तो पूर्ण दे. मागून "दिलंस का, नीट दिलंस का" विचारत राहू नकोस.

सोसायट्यांमध्ये याचा फायदा सर्वांत जास्त. म्हसरूळ, मेरी भागात आता मोठमोठ्या इमारती झाल्या आहेत म्हणतोस. गेटवर नोंद होईपर्यंत गोणीत बी आणि सी विंगचा माल मजल्यांच्या क्रमाने लावून दे. त्याला सर्व्हिस लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर जाऊ दे आणि जिन्याने उतरत दारं करू दे. लिफ्टसाठी दर मजल्यावर थांबणारा पोऱ्या अर्धा तास घालवतो. तेवढ्यात तू मागच्या गल्लीतले बंगले आणि रो-हाउस उरकून ये. भेटायची जागा आधी ठरव, आणि ती "गेटवर" अशी मोघम नको. "गेटच्या डावीकडे, इस्त्रीवाल्यापाशी" अशी सांग. मोठ्या सोसायटीला दोन गेटं असतात आणि हेल्पर नेहमी दुसऱ्याच गेटवर उभा सापडतो.

दार उघडलं नाही तर काय, हेही त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेव. बेल दोनदा, मग तुला फोन. शेजाऱ्याकडे द्यायचं की नाही हे तू ठरवणार, तो नाही. आणि बेल न वाजवता "ग्राहक उपलब्ध नाही" हा प्रकार तुझ्या गाडीवर चालणार नाही, हे हसत हसत पण स्पष्ट सांग. शिव्या खाणारा चेहरा तुझा आहे. हेल्पर दिवाळीनंतर जाईल, त्या काकू वर्षभर तुझ्याच रस्त्यावर राहणार आहेत.

पत्ते तू त्याला थोडे शिकवच. पंचवटीचा पिन ४२२००३ आणि मेरी-म्हसरूळचा ४२२००४, लोक बिनदिक्कत एकाच्या जागी दुसरा लिहितात. पिन बघून खोकं बाजूला काढणाऱ्या हेल्परला "पिन सोड, खूण वाच" हे सांगावं लागतं. आपल्याकडे खूण हाच खरा पत्ता. फक्त खूण जुनी झालेली असते. "गिरणीसमोर" लिहिलेलं असतं आणि गिरणी बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान झालेलं असतं. हे तुला माहीत, त्याला कसं असणार?

गेल्या सीझनला माझ्याबरोबर एक एमपीएससीचा पोरगा होता, लातूरकडचा. नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहायचा, मेसचे पैसे सुटावेत म्हणून आलेला. सिग्नलला गाडी थांबली की चालू घडामोडींची पुस्तिका काढायचा. मला वाटलं हा काय ओझी उचलणार. पण त्याने दुसऱ्या दिवशीपासून एका वहीत सोसायटीवार टिपायला सुरुवात केली. कुठल्या गेटचा वॉचमन एकच्या सुमारास जेवायला जातो, कुठे लिफ्ट बंद आहे, कुठे कुत्रं आहे, कुणाला दुपारी बेल वाजवलेली चालत नाही. ती वही मी मागून घेतली आहे, अजून वापरतो. म्हणून तुझा हेल्पर कशात हुशार आहे ते आधी बघ. कुणाला ओझं जमतं, कुणाला बोलणं जमतं. आणि तो तुझ्यापेक्षा वयाने मोठा असेल तर अरे-तुरे नको, काका म्हण. बरोबरीचा असेल तर त्याला तुला "शेठ" म्हणू देऊ नकोस. दादा पुरे. शेठ म्हणणारा माणूस चूक झाली की लपवतो.

गाडी मागे घेताना तो खाली उतरलाच पाहिजे, आणि उभं राहायचं तुझ्या बाजूच्या आरशात दिसेल असं. बरोबर मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" करणारे हेल्पर मी पाहिलेत, ते आरशात दिसत नाहीत आणि हॉर्नच्या गोंगाटात ऐकूही येत नाहीत. तो आरशातून दिसेनासा झाला की ब्रेक दाबायचा, बाकी काही विचार करायचा नाही. दुसरं, मागे मालात बसू द्यायचं नाही, दोन गल्ल्यांपुरतंही नाही. केबिनमध्ये, बेल्ट लावून. आणि पायात चप्पल असेल तर पहिल्या पगाराची वाट न बघता त्याला साधे बूट घेऊन दे. परतीचा पाऊस अजून गेलेला नाही, ओल्या जिन्यावर चप्पल घसरते आणि हातात मिक्सर असतो.

अठराच्या आतला पोरगा आला तर परत पाठव. आधार बघ. हबवाले म्हणतील चालतंय, आठवडाभराचा तर प्रश्न आहे. आपल्या गाडीवर चालत नाही.

आता कॅलेंडर काढून बस. यंदा ज्येष्ठ अधिक आल्याने सगळे सण पुढे सरकले. पितृपक्ष १० तारखेला संपतोय, ११ला घटस्थापना, आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षी ते २१ ऑक्टोबरला होतं. याचा तुझ्या हेल्परशी काय संबंध, तर तू सांगितलंस की तो बीडमधल्या पाटोद्याकडचा आहे आणि घरचे ऊसतोडीला जातात. गेल्या वर्षी राज्यातलं गाळप १ नोव्हेंबरला सुरू झालं, म्हणजे दिवाळी उरकून माणसं कारखान्यावर गेली. यंदा दिवाळीच नोव्हेंबरात आहे. मुकादमाने उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेली असेल तर माणसं गाडीत भरून न्यायचा दिवस तोच ठरवतो, तू नाही आणि तुझा हबही नाही. म्हणजे धनत्रयोदशीच्या आधल्या आठवड्यात, ऐन गर्दीत, तुझा पोऱ्या "उद्यापासून येत नाही" म्हणू शकतो. त्याला आजच विचार. रागावून नको, सरळ विचार, "तुझा कोयता यंदा लागणार आहे का, म्हणजे तूही तोडीला जाणार का, कधी निघणार?" तो खरं सांगेल. मग हबला आत्ताच दुसरं नाव देऊन ठेव, आणि जाण्याआधीचे दोन दिवस नवीन पोरगा त्याच्याबरोबर फिरव. एका हेल्परने दुसऱ्याला शिकवलेलं लवकर डोक्यात जातं.

त्यात तुझ्याकडे सिंहस्थ कुंभमेळा. ३१ ऑक्टोबरला रामकुंडावर ध्वजारोहण ठरलंय, म्हणजे लक्ष्मीपूजनाला जेमतेम आठवडा असताना. त्या दिवशी पंचवटीच्या घाटाकडच्या गल्ल्यांत गाडी घालायचा विचारही करू नकोस. तिकडचा माल आदल्या दिवशी रेटून काढ, उरलेला हातगाडीने. हातगाडी असली तर तिथे हेल्पर खरा कामाला येतो. गाडी लांब, दिंडोरी रोडच्या बाजूला कुठेतरी लावून तू त्याला दोन-तीन फेऱ्या भरून देत राहायचं. गाडीपाशी थांबणं हेही काम आहे, त्यात कमीपणा मानू नकोस.

पैशांचं बोलतो. त्याचा रोज हबचा कंत्राटदार देणार, असं तू म्हणालास. आमच्याकडच्या एका कंत्राटदाराने एका सीझनला पोरांचे पैसे तुळशीच्या लग्नापर्यंत लटकवले. पोरं गावी निघून गेली आणि फोन करत राहिली, आम्हाला, कारण त्यांच्याकडे आमचेच नंबर होते. म्हणून रोजची हजेरी तुझ्या डायरीत लिही, किती वाजता आला, किती वाजता सुटला, आणि त्याची सही घे. त्याच्याही फोनमध्ये त्या पानाचा फोटो असू दे. तो निघायच्या चार दिवस आधी ती डायरी घेऊन त्याच्याबरोबर कंत्राटदारापुढे जाऊन उभा राहा. तो एकटा गेला तर "सोमवारी ये" ऐकून परत येईल. दुपारचं जेवण मात्र तुझ्याकडून, रोज. वडापावावर दिवसभर जिने चढता येत नाहीत. आणि दिवाळीत एखादं गिऱ्हाईक फराळाचा पुडा देतं, तो निम्मा त्याचा, हे सांगायला नकोच.

राहिलं गाडीच्या इन्शुरन्सचं. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हर आणि क्लीनर (म्हणजे हेल्परच) यांच्यासाठी वेगळं कव्हर घेता येतं, त्याचा हप्ता अगदी किरकोळ असतो. तुझ्या एजंटने ते घातलंय का, मला शंका आहे. तो फक्त थर्ड पार्टी करून मोकळा होणाऱ्यांपैकी वाटतो. पॉलिसीच्या दोन्ही पानांचा फोटो उद्याच मला पाठव. क्लीनरचं कव्हर नसेल तर घटस्थापनेच्या आधी करून घेऊ, पैसे मी भरतो.

आई विचारते भाजणी पाठवू की तयार चकल्या. चकल्याच माग, तुला भाजणीचं काय करायचं ते कळणार नाही.

तुझे बाबा