भिंतीला छप्पर बांधून देणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, तुम्हाला आणि तुमच्या सगळ्या पोरांना स. न. वि. वि.

तुम्ही चढवलेल्या पत्र्याच्या छपराखाली पावसाळा सरला. घरात कुठे थेंब आला नाही, रिज, म्हणजे आढ्यावरची पत्र्याची टोपी, जागची हलली नाही, पन्हळ एकदाही उलटी भरून भिंतीवर उतरली नाही. त्याबद्दल मनापासून आभार. तोंडी मानून झालेच होते, पण सगळ्यांना वाचता येतील असे लिहून मानायचे होते. श्रीवर्धनच्या या पट्ट्यात अजून कितीतरी घरांची कौलं उतरून पत्रा चढायचा आहे, आणि तुम्ही काम कसं केलंत ते त्या घरांपर्यंत पोचायला हवं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगरच्या जवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हापासून इकडे जो तो पत्र्याची जाडी विचारतो. तुम्ही मात्र पहिल्या दिवशी पत्र्याचं नावही काढलं नाहीत. शिडी लावून भिंतीवर चढलात आणि वरचे चिरे हाताने हलवून बघितलेत. छप्पर कसलं करायचं यापेक्षा ते कशाला बांधायचं, हा प्रश्न तुम्ही आधी घेतलात. त्याबद्दलचे आभार सगळ्यात मोठे.

हिशेब साधा आहे, पण तो कुणी मांडून दाखवत नाही. मंगलोरी कौलांचं वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या वर जातं. पत्र्याचं साडेचार किलोच्या आसपास. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणलं की दाब निघतो: चौरस मीटरला ११६० न्यूटन, म्हणजे जवळपास ११८ किलो वजनाइतका. वारा पाख्यावरून, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूवरून, जाताना हा जोर बऱ्याच भागात वरच्या दिशेने ओढतो, आणि कडांना, कोपऱ्यांना सगळ्यात जास्त. कौलारू छपरात एकेक कौल उचकटतं आणि त्या फटीतून दाब निघून जातो. पत्रा सलग असतो, तो शिडासारखा सगळा वारा एकदम अंगावर घेतो. म्हणून पत्र्याचं छप्पर पेलायचं कमी आणि खाली धरून ठेवायचं जास्त.

जांभ्याच्या चिऱ्यात ठोकलेला अँकर बोल्ट धरत नाही. चिरा सच्छिद्र असतो. बोल्ट फुगला की चिरा कडेने फुटतो, आणि सांध्यातला चुना-माती केव्हाच सुटलेला असतो. वादळानंतर पाइपांच्या सांगाड्यासकट उडालेली छपरं याच कारणाने गेलेली दिसतात: पत्रा पाइपाला घट्ट होता, पण पाइप भिंतीला नव्हता. तुम्ही वरचा एक थर उतरवून चारही भिंतींवर सलग १५० मिमी जाडीचा काँक्रीटचा पट्टा ओतलात. त्यात १० मिमीच्या चार सळया आणि दर सहा इंचांवर ८ मिमीची रिंग. कोपऱ्यांत आणि आडव्या भिंतीच्या सांध्यांवर चिऱ्यात खाच घेऊन १२ मिमीची सळी लिंटलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या तुळईपर्यंत, खाली उतरवलीत, म्हणजे पट्टा नुसता भिंतीवर बसलेला राहिला नाही. कैची, म्हणजे छपराचा त्रिकोणी सांगाडा, जिथे टेकणार तिथे १५० मिमी चौरस, ८ मिमी जाडीची प्लेट. तिचे चारही गज पट्ट्याच्या सळयांखालून वळवून मगच काँक्रीट. गज नंतर खुपसले असते तर तीच प्लेट शोभेची झाली असती. दहा दिवस पाणी मारून होईपर्यंत वर लोखंड चढवायला तुम्ही हात लावला नाहीत. घाई आम्हाला होती, तुम्ही ती ऐकली नाहीत, बरं केलंत.

घर ९ मीटर लांब, ७.२ मीटर रुंद. सव्वादोन मीटरवर एक अशा पाच कैच्या, त्यावर ६० बाय ४० मिमीचा, २ मिमी जाडीचा पाइप, ६० ची बाजू उभी ठेवून, परलिन म्हणून, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे वासे म्हणून. पाइपाची जाडी तुम्ही स्वतः कॅलिपर लावून मोजलीत याचं महत्त्व अनेकांना कळत नाही. बाजारात हाच पाइप १.२ मिमीतही मिळतो आणि वजनावर पैसे वाचतात. पण सेल्फ ड्रिलिंग, म्हणजे स्वतःच भोक पाडत जाणाऱ्या, स्क्रूचे आटे त्या पातळ पाइपात नीट बसत नाहीत. जरा जास्त फिरवला की भोक मोठं होऊन स्क्रू जागच्या जागी गरगरतो. तो वरून बसलेला दिसतो, पण त्याने काही धरलेलं नसतं.

प्रत्येक पाख्यावर सहा परलिन आले. वळचणीपासून पहिला गाळा ७५ सेंटीमीटर, मधले तीन १०५ चे, आणि आढ्याजवळचा ६० चा. कडांना ओढ जास्त, म्हणून तिथे अंतर कमी; सगळीकडे सारखं अंतर टाकणं सोपं असतं, तुम्ही ते केलं नाहीत. वेल्डिंगचा प्रत्येक टाका तारेच्या ब्रशने घासून मगच प्रायमर, आणि पाइपांची तोंडं पत्र्याचा तुकडा लावून बंद. उघड्या तोंडातून खारी दमट हवा आत जाते आणि पाइप आतून गंजतो. बाहेरचा रंग तोवर चकचकीत असतो.

पत्र्याचं माप तुम्ही सांगाडा उभा राहिल्यावर घेतलंत, नकाशावरून नाही. अर्धी रुंदी ३.६ मीटर, वळचणीचा पुढावा ०.६, उतार २२ अंश. तिरपी लांबी साधारण ४.५३ मीटर. आढ्यावर थोडी फट सोडून, पन्हळीत सहा सेंटीमीटर उतरेल असं धरून १५ फुटी पत्रा मागवलात, एका पाख्याला दहा, एकूण वीस. आढ्यापासून वळचणीपर्यंत एकच नग, मध्ये आडवा जोड नाही. आडवा जोड आला की १५० मिमीचा लॅप, म्हणजे एका पत्र्यावर दुसऱ्याचा चढाव, त्यात ब्युटाइल रबराची पट्टी, आणि तरी काही वर्षांनी तिथूनच गळतं. इतक्या छोट्या घराला तो जोड देण्याचं कारणच नसतं, तरी दुकानात तयार पडलेले बारा फुटी पत्रे स्वस्त म्हणून लोक घेतात.

बिलावर तुम्ही तीन गोष्टी लिहून घ्यायला लावल्यात: आयएस १५९६५ हे पत्र्याचं भारतीय मानक, एकूण जाडी ०.५० मिमी, आणि मुलामा चौरस मीटरला १५० ग्रॅम, दोन्ही बाजू मिळून. मुलाम्यात ५५ टक्के अॅल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि उरलेलं सिलिकॉन. एकूण जाडीत रंग आणि मुलामा धरलेला असतो, आतलं पोलाद ०.४२ च्या आसपासच भरतं. दोन दुकानांचे भाव लावून बघताना हा फरक विचारायलाच हवा. रंगाचं म्हणाल तर फिका घेतलात, दुपारी घर कमी तापतं, बस.

माल आल्यावर पत्रे जमिनीवर न टाकता लाकडी ओंडक्यांवर, एक टोक उंच ठेवून रचलेत. एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांत पाणी अडकलं तर छपरावर चढायच्या आधीच डाग पडून मुलामा खराब होतो. वरचा संरक्षक कागदही लगेच काढलात. उन्हात राहिला की तो चिकटून बसतो आणि मग खरवडावा लागतो.

पहिला पत्रा बसवायला तुम्हाला जवळजवळ अर्धा दिवस लागला आणि शेजारीपाजारी हसत होते. खाली दोरा, दोन्ही कर्ण मोजून काटकोन, मग पहिला पत्रा. तो पाच मिलिमीटर तिरका गेला तर दहाव्या पत्र्यापर्यंत वळचण करवतीच्या दात्यांसारखी दिसते आणि शेवटचा पत्रा परलिनवर पुरत नाही. सुरुवात तुम्ही ईशान्येच्या टोकाकडून केलीत. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. त्यामुळे पुढचा प्रत्येक पत्रा आधीच्यावर चढत आला आणि जोडाचं तोंड वाऱ्याच्या पाठीला गेलं. पत्र्याखाली परलिनवर बबल फॉइल, म्हणजे हवेच्या फुग्यांचा चकचकीत पापुद्रा, अंथरलंत, जाळीच्या आधारावर. पावसाचा आवाज आणि पहाटे आतून सुटणारं दव, दोन्ही त्याने कमी झालं.

आता स्क्रूंबद्दल, कारण तुमच्या कामाचा जीव तिथे आहे. ५५ मिमीचे स्क्रू, सगळे उंचवट्यावर, एकही सखल भागात नाही. पाणी वाहतं तिथे भोक पडलंच नाही. वळचणीच्या आणि आढ्याच्या परलिनवर प्रत्येक उंचवट्यावर एक, म्हणजे पत्र्याला पाच-पाच. मधल्या चार परलिनवर एकाआड एक, तीन-तीन. पत्र्याला बावीस, वीस पत्र्यांना ४४०. टोकाच्या चार पत्र्यांना मधल्या परलिनवरही सगळ्या उंचवट्यांवर, ते ३२ जास्त. बाजूच्या जोडांना दर अर्ध्या मीटरवर पत्र्याला पत्रा जोडणारे छोटे स्टिच स्क्रू, दीडशेच्या वर. रिज आणि कडेच्या पट्ट्या धरून आकडा सातशेच्या आसपास गेला. तुमच्या त्या धाकट्या पोराने एकेक वॉशर डोळ्यांनी तपासला. ईपीडीएम जातीचं काळं रबर धातूच्या चकतीच्या कडेला जेमतेम दिसलं पाहिजे. फार आवळला तर रबर बाहेर पिळवटून उन्हात तडकतं, पत्र्याचा उंचवटा दबतो आणि तिथेच पाणी थांबतं. सैल राहिला तर वाऱ्यात पत्रा थरथरून भोक वाढवतो. तिरका गेलेला स्क्रू तुम्ही सरळ ठोकून बसवला नाहीत; काढून त्या भोकात जाड स्क्रू घातलात.

ग्राइंडर तुम्ही छपरावर चढूच दिला नाहीत. त्याच्या ठिणग्या रंगात रुततात, कापलेल्या कडेचा मुलामा जळतो, आणि पहिल्याच पावसात तांबडे ठिपके दिसतात. लोक मग पत्रा खराब निघाला म्हणतात. तुम्ही सगळं हातकात्रीने आणि निबलरने, म्हणजे पत्रा कुरतडत कापणाऱ्या हत्याराने, कापलंत. रोज काम संपल्यावर मऊ झाडूने लोखंडाचा कीस झाडून घेतलात, अगदी अंधार पडला तरी.

आढ्याजवळ प्रत्येक पत्र्याचा सखल भाग पकडीने वर वळवलात. रिज वर बसली की हे वळवणं कुणाला दिसत नाही, म्हणून बरेच जण ते सोडतात. पण उलटा वारा पाणी पाख्यावरून वर ढकलतो तेव्हा तीच वळवलेली कड ते अडवते. रिज दोन्ही बाजूंना १५० मिमी, खाली पत्र्याच्या आकाराची फोमची पट्टी. स्वयंपाकघराच्या उंच भिंतीला पाखं जिथे टेकतं तिथे गवंडी सिमेंटची घसई मारायला निघाला होता, त्याला तुम्ही थांबवलंत. सिमेंट पत्र्याला धरत नाही, ऊन-पावसात फट पडते, शिवाय ओल्या सिमेंटचा क्षार अॅल्युमिनियमचा मुलामा खातो. भिंतीत इंचभर खाच, त्यात फ्लॅशिंगची, म्हणजे सांधा झाकणाऱ्या वळवलेल्या पत्र्याची, कड, आणि पॉलियुरेथेनचं सीलंट. पन्हळीला मीटरला पाच मिमी उतार आणि दोन्ही टोकांना खाली उतरणारा पाइप. एक पाइप आंब्याच्या पानांनी तुंबला तरी दुसरा चालतो.

जाताना तुम्ही सांगितलेली कामं आम्ही धरली आहेत. दिवाळीच्या आधी सगळे स्क्रू एकदा बघायचे, आवळायचे नाहीत, फक्त सैल असलेलेच बसवायचे. वर चढलो तर परलिनच्या रेषेवरच पाय. वळचणीच्या खालची बाजू महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवायची, कारण तिथे पावसाचं पाणी पोचत नाही आणि समुद्राचं मीठ साठून राहतं. वरची बाजू पाऊसच धुतो.

वरच्या आळीतल्या काकांनी तुमचा नंबर घेतला आहे, या आठवड्यात फोन येईल. त्यांचं घरही चिऱ्याचं, माथ्यावर पट्टा नाही, आणि पत्रा त्यांनी आधीच आणून ठेवला आहे, जमिनीवर. आधी तो ओंडक्यांवर घ्यायला सांगा, आणि पट्ट्याचं गळी उतरवायला आमची गरज लागली तर हाक मारा. आम्ही येऊन बसू.

आपली,
घरातली सगळी मंडळी