‘एकास चार’ म्हणजे चौथाई नव्हे

महोदय,

मिश्रणाची कृती छापताना ‘१:४ प्रमाणात घ्यावे’ एवढेच लिहून पुढे जाण्याची पद्धत आहे. ही ओळ वाचून काही जण एक भाग द्रव आणि चार भाग पाणी घेतात. काही जण एकूण चार भागांतला एक भाग द्रव, म्हणजे एकास तीन. पहिल्या द्रावणात मूळ द्रव एक पंचमांश, २० टक्के, दुसऱ्यात २५. आपले चुकले अशी शंका दोघांनाही येत नाही. गुणोत्तरात भागाची तुलना दुसऱ्या भागाशी असते, अपूर्णांकात एकूण मिश्रणाशी. म्हणून गुणोत्तरातले सगळे अंक आधी मिळवावेत. ती बेरीज हाच अपूर्णांकाचा छेद.

जंतुनाशक द्रावणात ही चूक हमखास होते. ब्लीचमध्ये ५ टक्के क्लोरीन आहे आणि ०.५ टक्क्याचे द्रावण हवे आहे. ५ भागिले ०.५ म्हणजे १०, पण पाणी १० भाग घालायचे नाही, ९ भाग घालायचे. दहांतला एक भाग ब्लीच स्वतःच आहे. ०.१ टक्क्यासाठी भागाकार ५० येतो, म्हणजे एका भागाला ४९ भाग पाणी. १० लिटर द्रावण करायचे तर २०० मिलिलिटर ब्लीच आणि ९.८ लिटर पाणी. बाटलीवरची टक्केवारी वेगळी असेल तर हे सगळे आकडे बदलतात, तेव्हा आधी लेबल वाचावे.

मिश्रण कमी-जास्त करताना ‘एक भाग किती’ हे काढले की पुढचे सोपे. ३:२:१ या मिश्रणाचे एकूण भाग ६. ९०० ग्रॅम हवे तर एक भाग १५० ग्रॅम, म्हणून ४५०, ३०० आणि १५०. पण हाताशी जिन्नस ४५०, ३२० आणि १४० ग्रॅमच असले तर? प्रत्येकाला त्याच्या अंकाने भागावे: १५०, १६०, १४०. सर्वांत लहान उत्तर १४०, तोच भाग धरायचा. ४२०, २८०, १४०. एकूण ८४० ग्रॅम होईल. जे जास्त आहे ते ‘वाया नको’ म्हणून ओतले की प्रमाण तिथेच बिघडते.

माप कपाचे की वजनाचे, हेही छापायलाच हवे. एक कप साखर साधारण २०० ग्रॅम भरते, त्याच कपात मैदा १२० ग्रॅमच्या आसपास. कपाने १:१ असलेले प्रमाण वजनाने जवळपास ५:३ होते. भांड्याच्या बाबतीतही असेच फसायला होते: २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल साच्याची कृती ३० सेंटिमीटरच्या साच्यासाठी दीडपट करून चालत नाही. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. थराची जाडी तीच हवी तर मिश्रण सव्वादोनपट लागते.

आपल्या वृत्तपत्राने प्रत्येक कृतीखाली कोणता अंक कोणत्या जिनसाचा, वजनाने की मापाने आणि तयार मिश्रण एकूण किती, एवढे द्यावे ही विनंती. जागा दोन ओळींचीच लागेल.

सर्वांत जास्त काळजी जलसंजीवनीची, म्हणजे जुलाब झाल्यावर द्यायच्या साखर-मिठाच्या पाण्याची, घ्यावी लागते. घरी करायची तर १ लिटर पिण्याच्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हेच २०० मिलिलिटरच्या पेल्यासाठी करायला गेले की मीठ चमच्याचा एक दशांश येते, आणि ते चमच्याने मोजताच येत नाही. चिमूट थोडी मोठी झाली तरी मीठ दुप्पट होते, आणि लहान मुलाला ते धोक्याचे आहे. त्यामुळे इथे कृती लहान करूच नये. पूर्ण लिटरभर करून त्यातले लागेल तेवढे द्यावे आणि उरलेले २४ तासांनी टाकून द्यावे. ओआरएसच्या, म्हणजे जलसंजीवनीच्या तयार पुडीच्या, पाकिटालाही हेच लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार १ लिटरच्या पाकिटात २०.५ ग्रॅम पूड असते आणि तिच्यात चार वेगवेगळे घटक असतात. कोरडी पूड सगळीकडे सारखी मिसळलेली असेलच असे नाही, म्हणून चमचाभर काढून घेतलेल्या पुडीत चौघांचे प्रमाण तेच राहील याची खात्री देता येत नाही. पाकीट एकदम पूर्ण विरघळवावे.

आपला नम्र,
एक वाचक