सही करण्याआधी

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी ठेवला, तू नाही. "सही मला करायची आहे आई, तुला नाही" हे तुझं वाक्य लागलं मला. सोमवारी सकाळी पाणी तापवताना जाणवलं की ते खरंच होतं. नानामामाला "ये की मामीला घेऊन जर्मनीला, मृणूकडे जागा आहे" असं मी परस्पर सांगून टाकलं. तुझं सत्र एप्रिलच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत चालतं हे मला माहीत असूनही सांगितलं. ती माझी चूक.

आता त्यांच्या व्हिसाच्या हमीपत्रावरच्या सहीबद्दल एकदाच लिहिते, पुन्हा काढणार नाही.

ते हमीपत्र म्हणजे नुसतं आमंत्रण नाही. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात २९ युरो भरून तू तिथे लिहून देणार, की या दोघांचं राहणं, जेवण, दवाखाना, वेळ आली तर परतीचा खर्चसुद्धा तुझ्यावर. नानाला स्टेंट आहे. व्हिसासाठी विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण बऱ्याच पॉलिसींत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. छातीत दुखलं आणि विमा कंपनीने 'हा जुनाच आजार' म्हणून हात वर केले, की ते बिल तुझ्या नावावर येणार. आणि तुझी नोकरी दर दोन वर्षांनी कराराने वाढते.

हमीपत्राशिवायही व्हिसा होतो. नानाने स्वतःच्या पैशावर अर्ज करायचा. जर्मनी माणशी दिवसाला ४५ युरो धरते. सहा आठवड्यांचे, म्हणजे बेचाळीस दिवसांचे, १,८९० झाले, दोघांचे ३,७८०. एवढी रक्कम त्याच्या खात्यात आहे, वर पेन्शन आहे. बँकेचं स्टेटमेंट, पेन्शनचा दाखला, आयकर विवरणपत्रं, परतीच्या तिकिटाचं बुकिंग, विमा. तुझ्याकडून फक्त साधं पत्र हवं: नातं काय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, राहायचा पत्ता, सोबत तुझ्या पासपोर्टची आणि रहिवासी परवान्याची प्रत. खर्च आपला आपण करणार असल्याचं नानाने अर्जात लिहायचं. व्हिसाचे माणशी ९० युरो त्यानेच भरायचे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, शेवटची मुदत पंधरा दिवस आधी. पण मे महिन्यासाठी सगळेच रांगेत असतात, म्हणून फेब्रुवारीत तारीख घेऊ दे.

विमा घेताना स्टेंट लपवायचा नाही. लपवला तर दावा तिथेच संपतो. पूर्वीच्या आजाराने जिवावर बेतलं तर उपचार मिळतील, असं स्पष्ट लिहिलेली पॉलिसी शोधायची. हप्ता जास्त पडेल, पडू दे.

औषधांची यादी मी नानाकडून लिहून घेतली, सोबत जोडते. ब्रँडची नावं नाहीत, मूळ औषधांची आहेत: क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल आणि अ‍ॅस्पिरिन. आपल्याकडची पाकिटावरची नावं तिथल्या औषधाच्या दुकानात कुणी ओळखत नाही, आणि चिठ्ठीशिवाय यातली बहुतेक मिळणारही नाहीत. सहा आठवड्यांची अधिक दहा दिवसांची औषधं मूळ पाकिटात, हातातल्या पिशवीत. डिस्चार्ज कार्ड आणि स्टेंटचं कार्ड इंग्रजीत आहे, त्याचा फोटो तुझ्या मोबाइलमध्ये आत्ताच ठेव. फ्रिजवर मोठ्या आकड्यांत लिही: जिवावर आलं तर ११२, रात्री-बेरात्री साधा डॉक्टर हवा असेल तर ११६११७. खाली तुझा पत्ता जर्मन अक्षरांत, मजल्यासह. मामीला तो वाचता येणार नाही, पण फोनवर एकेक अक्षर सांगता येईल.

मी पुन्हा तिथेच आले बघ. घराचं लिहिते.

तीन वेळा तुझ्याकडे राहून एक कळलं: भांडणाचं मूळ न्हाणीघरात असतं. तुझ्याकडे शॉवरच्या काचेच्या आतच पाणी जायला जागा आहे, बाहेरच्या फरशीला जाळी नाही. मामी सवयीने बादलीभर पाणी ओतून फरशी धुणार, ते फटीत मुरणार आणि खालच्या आजींच्या छताला डाग पडणार. पहिल्याच दिवशी तिला हाताला धरून दाखव: हा काचेचा उंबरा, याच्या बाहेर ओला पाय नको. एक जाड पायपुसणं काचेबाहेर, लादी पुसायचं फडकं खुंटीला. संडासात लांब चोचीची प्लॅस्टिकची बाटली भरून ठेव. ती मागायला लाजेल.

दार. बाहेरून त्याला फिरवायची मूठ नाही, ते आपोआप लागतं. नाना कचरा टाकायला चपलेवर खाली जाईल, दार मागे बंद, किल्ली आत टेबलावर. रविवारी कुलूपवाला बोलवायचा म्हणजे मोठा खर्च. किल्ली दोरीत ओवून त्याच्या गळ्यात घाल, शाळेत तुझ्या गळ्यात पाण्याची बाटली असायची तशी. एक जादा किल्ली तुझ्या शेजारणीकडे.

स्वयंपाकघरात फोडणीआधी दार लावायचं, खिडकी पूर्ण उघडायची. दांडी वर केली की खिडकी नुसती तिरकी होते, आडवी केली की उघडते. धुराचं यंत्र निजायच्या खोलीत आणि बोळात आहे, त्याच्याखाली उदबत्ती नको. मामीच्या देवांना खिडकीशेजारचं कपाट दे. रात्री दहानंतर पाट-वरवंट्याचे आवाज नकोत, रविवारी मिक्सरही नको. रविवारी दुकानं बंद, हे तिला शुक्रवारीच सांग, नाहीतर पाहुणे आल्यावर घरात कोथिंबीर नाही म्हणून ती कासावीस होईल.

सामानात आंबे नाहीत. तिथल्या नियमाने वनस्पती आरोग्याच्या दाखल्याशिवाय ताजी फळं नेता येत नाहीत. अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन एवढी सोडलेली आहेत. कढीपत्ताही नाही. दूध आणि मांसाचे पदार्थ तर अजिबात नाहीत, म्हणून पेढे, खवा, तूप मी बांधणार नाही. मामी रुसेल, तिची मी समजूत घालते. सुकं खोबरं विमानात घेत नाहीत. चटण्या चालतील. लोणचं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, हातातल्या सामानात नको.

आणि तुझी शिकवणी चालू असताना त्यांना रोज कुठे न्यायचं हे डोक्यात घेऊ नकोस. 'जर्मनी तिकीट', म्हणजे देशभरच्या ट्राम, बस आणि साध्या गाड्यांचा पास, महिन्याला ६३ युरो, पण ते आपोआप पुढच्या महिन्यात लागू होतं, महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द करावं लागतं. वेगवान गाड्यांना ते चालत नाही. दोघांना ते काढून दिलं की नाना स्वतः ट्रामने फिरेल. हायडेलबर्गच्या किल्ल्यावर चालत नको, कॉर्नमार्क्ट चौकातून दोरखंडाची रेल्वे आहे, तीच पुढे गाडी बदलून क्योनिगश्टूल डोंगरावर, ५६८ मीटरवर नेते. किल्ल्यातलं १७५१चं लाकडी पिंप, सव्वादोन लाख लिटरच्या आसपासचं, मामीला जरूर दाखव. जुन्या पुलावरून फिलॉसॉफेनवेग या डोंगरावरच्या पायवाटेला जाणारी ती दगडी चढणीची वाट मात्र त्याला चढू देऊ नकोस. कितीही म्हणाला "मला काय झालंय" तरी नाही.

मी शिकवायला बसले, कळतंय. तू तीस वर्षांची आहेस, तिथे शंभर-शंभर मुलांना परक्या भाषेत शिकवतेस. मला त्याचा किती अभिमान वाटतो हे फोनवर बोलता येत नाही. पण मला आठवतं ते २००५चं पाणी. सांगलीत नदी पेठेत आली तेव्हा आपण नानाच्या मिरजेच्या घरी होतो. त्याच्या लोखंडी खाटेवर तू पालथी झोपून पाढे लिहायचीस आणि तो खालच्या सतरंजीवर निजायचा. त्या सतरंजीची परतफेड तुझ्याकडून व्हावी असं माझ्या मनात कधी आलं का, हे मी स्वतःला विचारते आहे. आलं असेल तर विसरून जा.

दोन आठवडे सोपे जातात, तिसऱ्यापासून जड होतं. मंगळवार-गुरुवार तुझी व्याख्यानं, त्या दिवशी स्वयंपाक मामीचा, तू हात लावायचा नाहीस. आठवड्यातून एक संध्याकाळ तुझी, ग्रंथालयात किंवा कुठेही. त्यांना आल्या दिवशीच सांग, दहाव्या दिवशी सांगितलं की ते रागावणं वाटतं. आणि सहाऐवजी चार आठवडे म्हणायचं असेल तर ते मी सांगते. मोठी बहीण आहे मी त्याची.

रविवारी तुझा आवाज घोगरा होता. काढा घे. ओवा तुझ्या निळ्या डब्यात आहे, वरच्या फळीवर.

नाना गुरुवारी बाजाराला इकडे येतोय. विमा, बँकेचं स्टेटमेंट, खर्च त्याचा त्याने करायचा, सगळं मी त्याच्याशी बोलते. तोवर सही करू नकोस.

तुझी
आई