कथा छोटी करा, पण हिशेब गाळू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांच्या पुरवण्यांतून जगातल्या अभिजात कथा संक्षिप्त रूपात येतात, ही चांगली गोष्ट आहे. पण कात्री बहुतेकदा नको तिथे चालते. वर्णने राहतात, आकडे जातात आणि शेवटी तात्पर्याची चौकट येते. स्वार्थ, त्याग आणि भ्रमनिरास या विषयांवरच्या कितीतरी कथा पैशाच्या हिशेबावर उभ्या आहेत, याचा संक्षेप करणाऱ्यांना विसर पडतो.

मोपासाँची हिऱ्यांच्या हाराची कथा घ्या. मातिल्द ही पॅरिसमधल्या एका कारकुनाची बायको. मेजवानीसाठी मैत्रिणीकडून आणलेला हार ती हरवते, तसाच दुसरा विकत घेऊन परत करते, दहा वर्षे कर्ज फेडते आणि शेवटी कळते की मूळ हार खोटा होता. खाली तात्पर्य : हाव धरू नये. मूळ कथेत मात्र नवऱ्याने बंदुकीसाठी ४०० फ्रँक साठवलेले असतात, ते तो तिच्या पोशाखासाठी देऊन टाकतो. नवा हार ३६,००० फ्रँकांना पडतो. त्यातले १८,००० त्याच्या वडिलांनी मागे ठेवलेले, बाकीचे कर्जाऊ. पुढे तो रात्री जागून पानाला पाच सू (फ्रँकचा विसावा भाग म्हणजे एक सू) दराने नकला करतो. बंदूक आणि वारसा गाळला की हा माणूस कथेतून नाहीसाच होतो. आणि माझ्या मते खरा त्याग त्याचाच आहे.

चूकही त्याचीच, हे विशेष. हार सापडेना तेव्हा तोच बायकोला सांगतो, ‘हाराचा फासा तुटला, दुरुस्तीला दिलाय, असं मैत्रिणीला लिही.’ या चिठ्ठीने खरे कळण्याची वाट बंद होते. खरे सांगितले असते तर फार तर ५०० फ्रँकांत भागले असते, कारण खोट्या हाराची किंमत तेवढीच. भरले त्याच्या ७२ पट. हावेपेक्षा लाज महाग पडली. म्हणून ही चिठ्ठी संक्षेपात हवीच. आणखी दोन वाक्यांना हात लावू नये : ‘हार आम्ही विकलेला नाही, फक्त डबी आमची,’ असे जवाहिऱ्या सांगतो ते, आणि हार परत मिळाल्यावर मैत्रीण डबी उघडूनही पाहत नाही ते. ही गेली तर शेवट म्हणजे लेखकाने ऐनवेळी केलेली फसवणूक वाटते. कापायचेच असेल तर मातिल्दची सुरुवातीची दिवास्वप्ने दोन वाक्यांत आणावीत, मेजवानी एका वाक्यात.

ओ. हेन्रीच्या नाताळच्या भेटीच्या कथेत डेला नवऱ्याच्या, म्हणजे जिमच्या, घड्याळाला साखळी घेण्यासाठी आपले केस विकते. संक्षेपात तिच्या शिलकीचे १ डॉलर ८७ सेंट तेवढे टिकतात. बाकीचे आकडेही तितकेच बोलके आहेत. जिमची कमाई आठवड्याला ३० डॉलरवरून २० वर आलेली, घरभाडे आठवड्याला ८. डेलाच्या केसांचे येतात २०, घड्याळाची साखळी २१ ला. म्हणजे त्याच्या आठवड्याच्या कमाईपेक्षा जास्त. (त्या १.८७ मधले ६० सेंट पेन्यांत, म्हणजे एकेका सेंटच्या नाण्यांत, होते, असे लेखक म्हणतो. मग उरलेले १.२७ एकाही पेनीशिवाय कसे, हा वाद जुना आहे. मुलांना तो खुशाल घालू द्यावा.)

फ्रँक-डॉलरचे रुपये करणे हा आणखी एक घोटाळा. त्याने वाचक आजच्या बाजारभावात अडकतो. त्यापेक्षा कथेतलेच माप वापरावे : पोशाख ४०० चा, तर हार ३६,००० चा.

चेखवच्या ‘गूजबेरी’ कथेत तर भ्रम तुटतच नाही. जमिनीच्या हव्यासापायी नायक पैशांसाठी एका विधवेशी लग्न करतो, तिला अर्धपोटी ठेवतो. तीन वर्षांत ती मरते. शेवटी तो स्वतःच्या गूजबेरीच्या झुडपांची आंबट, कडक फळे मिटक्या मारत खातो. संक्षेपात ही फळे ‘गोड’ झाली की कथा संपली.

जागा नाही, ही सबब पटत नाही. हाराची कथा १८८४ मध्ये ‘ल गोल्वा’ या दैनिकात आली, डेलाची १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘संडे वर्ल्ड’मध्ये. दोन्ही वृत्तपत्रांतच छापल्या गेल्या. फारच अडचण असेल तर हाराची कथा दोन भागांत द्यावी आणि मातिल्द घरी आरशासमोर उभी राहते, गळा मोकळा दिसतो, तिथे पहिला भाग तोडावा.

आणि तात्पर्याच्या जागी एखादे गणित द्यावे. जेम्स जॉइसच्या ‘ॲरबी’ या कथेतला मुलगा एक फ्लोरिन, म्हणजे २४ पेन्स, घेऊन मित्राच्या बहिणीसाठी भेट आणायला डब्लिनच्या जत्रेत जातो. सहा पेन्सचे दार सापडत नाही, जत्रा बंद होईल या धास्तीने तो १२ पेन्सच्या दाराने आत शिरतो. निघताना खिशात ८ वाजतात. मधले ४ बहुधा जातानाच्या गाडीभाड्याचे. परतीचे तेवढेच धरले तर भेटीसाठी किती उरले?

आपली,
एक वाचक, नाशिक