पातालपानीच्या वरचं पाणी पण बघा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आपण इंदूरवाले पातालपानीच्या धबधब्याला जातो, भुट्टे खातो, फोटो काढतो आणि परत येतो, पण ते पाणी येतं कुठून आणि जातं कुठे हे फारसं कोणी विचारत नाही. ती चोरल नदी. महूकडच्या विंध्याच्या डोंगरांत सुरू होते, कड्यावरून खाली पडते, मग जंगलातून कालाकुंडवरून जाऊन बडवाहच्या बाजूला नर्मदेला मिळते, म्हणजे शेवटी अरबी समुद्र. आणि आपल्या शहरातली कान्ह नदी मात्र क्षिप्रेत, पुढे चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागरात! एकाच पठारावरचं पाणी दोन समुद्रांना जातं, मला तर हे मुलांना सांगताना दरवेळी भारी वाटतं.

गेल्या दिवाळीत कालाकुंडला पाण्यात पाय सोडून बसलो होतो, तळाचे खडे मोजता येत होते, आणि दहा पावलांवर सागाच्या मुळांत चिप्सची पाकिटं अडकलेली, खूप वाईट वाटलं. खाली काळा बेसाल्ट खडक आहे, पाणी त्याच्या भेगांतून हळूहळू मुरतं आणि मग झिरपत ओढ्यात येतं, म्हणून वरची झाडं आणि पालापाचोळा टिकला पाहिजे, नाहीतर सगळं पाणी गढूळ होऊन एकदम वाहून जाणार. 2018 पासून तिथे हेरिटेज ट्रेन चालते, तर पातालपानी स्टेशनवर या नदीचा नकाशा असलेला एक बोर्ड लावा आणि पिशव्या तिथेच जमा करून घ्या, एवढी विनंती आहे.

– एक वाचक, इंदूर